पुढचा डावा खांदा

जगात सगळीकडे माणसे पाण्याखाली पोहतात. आमच्या विएद गावची माणसे पाण्याखाली चालतात, आणि तीही खांद्यावर मरियामाता घेऊन. शेजारच्या कालेत गावचे लोक म्हणतात, विएदवाल्यांना पोहता येत नाही म्हणून ते चालतात. कालेतवाल्यांनी तर बोलूच नये. ते आपल्या मातेला हवेच्या पिशव्या बांधतात आणि फुग्यासारखी वर सोडून देतात. देवाच्या आईला कोणी फुगा करते का?

आमची माता गुहेत उभी असते. खाडीच्या उजव्या अंगाला चुनखडीच्या खडकात पायऱ्या कोरल्या आहेत. त्या उतरून पाण्यात शिरायचे, दोर धरून खाली जायचे, आणि तळाला खडकाची एक कमान लागते. कमानीतून आत गेले की गुहा चर्चएवढी उंच होते. ऑगस्टमध्ये फेस्तच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रविवारी चौघे जण मातेला तिथून उचलतात, कमानीतून बाहेर आणतात आणि पायऱ्या चढून खडकावर ठेवतात. मग फादर साल्वू तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. वर्षभर समुद्रात उभ्या असलेल्या बाईवर चार थेंब पाणी! मला दर वर्षी हसू येते आणि दर वर्षी डोळेही भरून येतात.

खांदेकरी पायात पोहायचे फिन घालत नाहीत. जाकिटातली हवा काढून टाकतात, कमरेला दुप्पट शिसे बांधतात आणि तळावर पाय रोवून चालतात. दोन लाकडी दांडे, चार खांदे, प्रत्येकाच्या हातात एक बेचक्याची काठी. थांबायचे झाले की दांडा त्या बेचक्यावर टेकवायचा. पुढे एक जण सुरीच्या मुठीने आपल्या पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरवर टण् टण् ठोका देतो आणि त्या ठोक्यावर चौघांची पावले पडतात. चौघांचे खांदे एका उंचीचे लागतात, नाहीतर माता कलते. खांद्याच्या खाली तर ती कधी जातच नाही. खांदा म्हणजे खांदा, हातात घेणे नाही.

आणि नियम एकच. खांदा ज्याचा, त्यानेच तो पुढे द्यायचा. कमिटीने फक्त ऐकून घ्यायचे.

पुढचा डावा खांदा माझ्या थोरल्या भावाचा, विस्तिनचा. ही मिरवणूक सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या चौघांपैकी तो एक. गेल्या हिवाळ्यात त्याच्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी त्याचे पाण्यात उतरणे बंद केले. आता त्याला एका कानाने थोडे ऐकू येते आणि स्वतःचा आवाज तर कळतच नाही. त्याने हळूच सांगितलेले गुपित दोन गल्ल्यांना ऐकू जाते.

त्याला एकच मूल, दोरियाना. सगळा हंगाम ती परदेशी पाहुण्यांना याच गुहेत घेऊन जाते. तिथला बुरशा मासा कोणत्या भोकात राहतो तेही तिला ठाऊक. खांदा आपल्यालाच मिळणार असे ती धरून चालली होती. मीही तसेच समजत होते. आणि विस्तिनने काय केले? खांदा ‘सध्यापुरता’ माझ्या मुलाला दिला.

रेदेन्त माझा मुलगा आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. पोरगा मनाने सोन्यासारखा, उंचीने ताडमाड आणि पाण्याखाली रेडा. एक पाऊल टाकेल तर गुहेतला सगळा गाळ उठवील.

मी खाडीवर सिलिंडर भरते. माझी खोली, माझा कॉम्प्रेसर, माझी जीभ. फेस्तच्या आठवड्यात दोरियाना रिकामी सिलिंडरे घेऊन आली आणि तिने ती दाणकन खाली ठेवली.

“फुटतील गं!” मी म्हटले.

“फुटू देत. आत्या, मला खरं सांग. बाबा असे का वागले?”

“लोकं काय म्हणतील, म्हणून. विस्तिनच्या घरात पुरुष उरला नाही म्हणतील, एवढंच त्याच्या डोक्यात. दुसरं काही नाही.”

“पण नाहीच आहे ना पुरुष! हे काय सगळ्या गावाला माहीत नाही?”

“माहीत असणं वेगळं आणि कुणी तोंडावर म्हणणं वेगळं.”

“आणि मी काय करायचं? दिवा धरायचा?”

दिवा धरायचा, हो. आमच्याकडे बायका दिवा, फुले आणि जादा हवा सांभाळतात. दोरियाना दिवा घेऊन पुढे असते, मिकेलिना आणि रितान या दोघी बहिणी फुलांच्या टोपल्या घेऊन, आणि मी सगळ्यांच्या मागे जादा सिलिंडर घेऊन. कोणाची हवा संपली तर मी. अजून कोणाची संपली नाही. माझी मात्र दर वर्षी संपत येते, ती नुसती बघून बघून.

“धर या वर्षी,” मी म्हटले. “पुढच्या वर्षी बघू.”

“तू पण तेच?” ती म्हणाली आणि भरलेली सिलिंडरे खांद्यावर टाकून निघून गेली. जाताना मेजावरचा माझा टोमॅटो-केपर लावलेला पावही घेऊन गेली. राग आला की तिला भूक लागते, ते आमच्या घराण्यातच आहे.

आता नात्सूविषयी सांगते. नात्सू फेस्त कमिटीचा अध्यक्ष. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही पुढे पुढे करायचा. मागच्या वर्षी कालेतच्या मातेला नवा मुकुट आला. तेव्हापासून नात्सूला झोप नव्हती. त्याने आमच्या मातेसाठी बारा ताऱ्यांची प्रभावळ करवून घेतली. गाडीच्या चाकापेक्षा मोठी, उन्हात धरली की डोळे दिपतील अशी. चर्चच्या पायरीवर ती ठेवली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. मीही काढला. खोटे कशाला बोलू, ती सुंदर होती.

ती बसवायला नात्सू स्वतः खाली गेला. कालेतवाले चोरतील या भीतीने त्याने ती नुसती स्क्रूने बसवली नाही, तर पाण्यातही दगडासारखा घट्ट होतो तो डिंक भरभरून लावला.

“आता देव आला तरी निघायची नाही,” वर येऊन तो म्हणाला.

“कमान मोजलीस का?” मी विचारले.

“चेत्ता, तू हवा भर,” तो म्हणाला.

मग फेस्तचा रविवार उजाडला. दुपारी सगळा गाव खडकावर. बँड, छत्र्या, कडेवरची पोरे, बदामाच्या मिठाया. खाडीत कालेतवाल्यांच्या होड्या रांगेने उभ्या, कारण फुकटची करमणूक ते कधी सोडत नाहीत. विस्तिन पायऱ्यांच्या वर खुर्ची टाकून बसला होता, अंगावर खांदेकऱ्याचा निळा पट्टा. रेदेन्तनेही तसाच पट्टा वेटसूटवर घातला होता आणि दर मिनिटाला तो ओढून सरळ करत होता.

आम्ही खाली गेलो. दोरियानाचा दिवा पुढे, तिच्यामागे नात्सू ठोका देत. गुहेत पाणी काचेसारखे होते. चौघांनी दांडे उचलले. टण्, टण्. माता हलली, प्रभावळीचे तारे दिव्यात चमकले आणि माझ्या तोंडातल्या नळीतून हुंदका बुडबुड्यांसारखा निघाला. इथवर सगळे छान.

कमानीशी आले आणि खट्ट! प्रभावळ वर खडकाला लागली. वीतभर जास्त. चौघे थांबले, मागे सरले, पुन्हा पुढे आले. पुन्हा खट्ट. नात्सू हातवारे करू लागला, गुडघे वाका, गुडघे वाका. ते वाकले. शिसे बांधलेली, दांड्याला जखडलेली चार धिप्पाड माणसे शेवाळलेल्या दगडावर बदकासारखी बसून चालायला लागली. रेदेन्तचा पाय घसरला. त्याने तोल सावरायला जो पाय आपटला, त्याने असा गाळ उठला की मला माझाच हात दिसेना. मी दोर घट्ट धरला आणि सिलिंडरवर ठोकत राहिले, म्हणजे आवाजाच्या दिशेने सगळे येतील. एकेक करून आले. काठ्या दगडांच्या फटींत रोवून, माता चार बेचक्यांवर टेकवून आम्ही तिला तिथेच ठेवले आणि वर आलो.

वर बँड वाजत होता. रिकाम्या हाताने वर आलेले खांदेकरी बघून तो एकेक वाद्य करून बंद पडला.

“काय झालं?” फादर साल्वूंनी विचारले.

नात्सूने तोंडातली नळी काढली. “कमान लहान झाली आहे.”

“कमान?” मी म्हटले. “हजारो वर्षं तेवढीच आहे ती. हात दाखवून अवलक्षण केलंस, दुसरं काही नाही.”

“प्रभावळ काढा मग,” फादर म्हणाले.

“निघत नाही, फादर.”

“का?”

नात्सू हातातली नळी पुसू लागला. मी सांगितले का ते. होडीतून कोणीतरी खिदळले.

फादर शहाणा माणूस. ते म्हणाले, “चार पावलांचा तर प्रश्न आहे. कमानीपुरती हातात घ्या, बाहेर आली की पुन्हा खांद्यावर. मातेला काही राग येणार नाही.”

मातेला येणार नव्हता, पण या होड्यांसमोर? मागच्याच फेस्तला नात्सूने माईकवरून म्हटले होते की विएदची माता कधी खांद्याखाली उतरली नाही आणि उतरणार नाही, आम्ही काही कालेत नाही. ते शब्द आता त्याच्याच अंगाशी आले होते. तो इकडेतिकडे बघत होता. मग त्याची नजर आमच्यावर आली. आम्ही चौघी पायरीवर बसलो होतो. मी, दोरियाना, मिकेलिना, रितान. त्या दोघींची आजी आमच्याच घरातली. आमच्या घराण्यात बाई एका मापाची निघते, खिडकीच्या कट्ट्याएवढी. माझ्या मनात जे आले तेच त्याच्याही मनात आले, आणि मला ते त्याच्या आधी कळले.

“चेत्ता,” तो जवळ येऊन अगदी गोड आवाजात म्हणाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. “तुम्ही चौघी बुटक्या... म्हणजे, एका उंचीच्या आहात. तुमच्या खांद्यावर घेतली तर प्रभावळ सुटेल. गावाची अब्रू आहे गं.”

“फक्त कमानीपुरतं?”

“कमानीपुरतं कशाला, पायऱ्यांपर्यंत घ्या. एवढ्या वर्षीपुरतं. पुढच्या वर्षी मी प्रभावळ कापून घेतो.”

मी हो म्हटले. स्वच्छ सांगते, एका क्षणाचाही विचार केला नाही. आयुष्यभर त्या मिरवणुकीच्या मागे जादा हवा वाहिली मी. मला मातेखाली खांदा द्यायचा होता, कोणी कोणत्या कारणाने देऊ करतो याच्याशी मला घेणे नव्हते.

“मी नाही येणार,” दोरियाना म्हणाली.

“अगं!”

“गरज सरो आणि वैद्य मरो. यांची प्रभावळ अडकली म्हणून मी आज चालते, आणि पुढच्या वर्षी कापली की पुन्हा दिवा? नाही. तुमची चूक झाकायला मी नाही. पुढचा डावा खांदा माझा आहे. तो माझा म्हणून द्या. प्रभावळ असली तरी आणि नसली तरी.”

“कमिटी विचार करेल,” नात्सू म्हणाला.

“मग कमिटीलाच खाली पाठवा.” आणि ती शांतपणे पायातले बूट काढायला लागली.

मी तिच्याजवळ सरकले. “दोरी, हट्ट नको करूस. एकदा खांदा दिला की पुढचं पुढं बघता येतं. पाय तर आत घालू.”

“आत्या, तू आजपर्यंत किती वेळा पाय आत घातलास? कुठे गेलीस त्यानं?”

मला ते लागले. लागणारच, खरे होते.

नात्सू तिला समजावत राहिला, मग ओरडत राहिला, मग फादरांकडे बघत राहिला. फादरांनी आकाशाकडे बघितले. मिकेलिना म्हणाली, “दोरियाना नाही तर आम्हीपण नाही.” रितानने टोपलीतली फुले बाजूला ठेवली. खाली अंधारात आमची माता चार काठ्यांवर टेकून वाट बघत होती, आणि वर सगळा गाव उन्हात. कोणाला काही सुचत नव्हते म्हणून बँडवाल्यांनी तेच मार्च पुन्हा सुरू केले आणि लाज वाटून पुन्हा बंद केले.

तेवढ्यात कालेतच्या होडीवरून कोणीतरी भोंगा तोंडाला लावला. “काय रे विस्तिन! तुझ्या घरात पुरुष उरला नाही का?”

होड्यांमध्ये हशा पिकला. खडकावरचे सगळे विस्तिनकडे वळले.

विस्तिनला ऐकू आले नव्हते, पण माणसांचे चेहरे त्याला दिसले. “काय म्हणाला तो?” त्याने मला विचारले. सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले, सांगू नकोस म्हणून. मी का सांगू नये? मी त्याच्या बऱ्या कानाशी वाकले आणि शब्द न् शब्द सांगितला.

माझा भाऊ खुर्चीत बसून राहिला. ज्या एका वाक्याला तो हिवाळ्यापासून भीत होता, ते आता बोलून झाले होते, भोंग्यातून, दोन गावांसमोर. आणि खडक जागेवर होता, समुद्र जागेवर होता, त्याचे बदामाचे पुडके मांडीवर होते. त्याने ते पुडके बाजूला ठेवले आणि माझ्या कानाशी तोंड आणले. तो कुजबुजतोय असे त्याला वाटत होते.

“नाही उरला म्हणावं!” तो गरजला. होड्यांवरच्या लोकांनीही दचकून बघितले. “मुलगी आहे! खांदा तिचा! आजपासून तिचा, आणि मी मेल्यावरही तिचाच! आणि नात्सू गाढव आहे, पण हे कोणाला सांगू नकोस!”

आधी रेदेन्त हसला. मग त्याने अंगावरचा निळा पट्टा काढला आणि आपल्या मामेबहिणीच्या हातात दिला. “घे बाई. मला तर सकाळपासून हा पट्टा काचत होता.”

दोरियानाने बापाकडे बघितले. तिने पट्टा बांधला आणि पुन्हा बूट चढवले.

खाली गाळ बसला होता. आम्ही आमच्या मापाच्या काठ्या घेतल्या, शिसे वाढवले, जाकिटे रिकामी केली आणि दांड्याखाली शिरलो. मी पुढची उजवी, दोरियाना पुढची डावी, त्या दोघी मागे. बेचकी सोडली आणि माता आमच्यावर आली. पाण्यातही तिचे वजन काही थोडे नाही, आत सिमेंट भरलेले आहे. माझ्या खांद्याचे हाड दांड्याला लागले, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या नळीत वेड्यासारखी हसले.

नात्सू पुढे ठोका द्यायला लागला. टणटण, टणटण. तो ठोका लांब टांगांच्या माणसांचा. आम्हाला जवळजवळ पळावे लागत होते. दोन-चार पावले गेलो आणि दोरियाना थांबली. तिने बेचके लावले. आम्हीही लावले. नात्सूने वळून बघितले, जोरात ठोकले. आम्ही उभ्या. पाण्यात भांडता येत नाही, ही पाण्याची मोठी सोय आहे. तिने फक्त आपले पाऊल वर उचलून दाखवले, किती पडते ते, आणि परत खाली ठेवले. तो आमच्याकडे बघत राहिला. मग टण्... टण्... असा हळू ठोका आला, आणि आम्ही निघालो.

कमानीतून आम्ही वाकलो नाही. वर प्रभावळ आणि खडक यांच्यात दोन बोटांचे अंतर राहिले असेल. मग एकदम डोक्यावर निळा उजेड आला. बाहेर तळावरच्या हिरव्या समुद्रगवतावर आमची पावले पडली, आणि छोट्या माशांचे थवे बाजूला होऊन आम्हाला वाट देत होते.

तळाचा उतार चढत पायऱ्यांशी आले की पाणी कमरेला येते, तिथे खांदेकरी थोडे थांबतात, आणि तिथेच सगळा भार अंगावर येतो. पाणी जितके खाली जाते तितकी माता जड होते. आम्ही शिसे सोडून टाकले, पण पाठीवर सिलिंडरे होतीच. पायऱ्यांवर ते चौघे धिप्पाड आमची वाट बघत उभे होते.

“बास, झालं,” नात्सू म्हणाला. “इथून पुढं आमच्याकडे द्या. वजन झेपायचं नाही.”

“आई, दे ना,” रेदेन्तने हात पुढे केला. पोराच्या डोळ्यांत काळजी होती.

दांडा माझ्या खांद्यात रुतत होता. मला द्यावेसे वाटले, सांगते ना. मी शेजारी बघितले. दोरियानाची मान दांड्याखाली वाकडी झाली होती, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि ती वर बघत होती.

“बाजूला हो, घोड्या,” मी मुलाला म्हटले.

तो झाला. बाकीचेही झाले. एक पायरी, मग दुसरी. आता ठोका देणारे कोणी नव्हते, म्हणून मिकेलिना मागून मोठ्याने “डावा! उजवा!” म्हणत होती आणि मधूनच एखादी शिवी. फादरांनी ती ऐकली नाही असे दाखवले. खडकावर पोचलो तेव्हा कालेतच्या होड्यांवरूनही कोणी भोंगा वाजवला नाही.

वर चौथरा आहे. त्यासमोर उभे राहायचे, अध्यक्षाने माईकवरून खांदेकऱ्यांची नावे सांगायची, आणि मग माता खाली ठेवायची, ही रीत. नात्सूने माईक घेतला.

“पुढचा उजवा खांदा, आज चेत्ताचा,” तो म्हणाला. “पुढचा डावा खांदा, विस्तिनचा...”

“नाही,” दोरियाना म्हणाली.

“अगं, आधी खाली ठेवा, मग बोलू. तुमचे पाय थरथरतायत.”

“थरथरू देत. नाव घ्या.”

त्याने माईक खाली घेतला. आम्ही उभ्या. पाण्याचे थेंब आमच्या अंगावरून खडकावर पडत होते. मागून रितान “आई गं” म्हणाली, पण दांडा हलला नाही. कोणीही मातेला खाली ठेवणार नव्हते, हे नात्सूला दिसत होते. खडकावरच्या सगळ्या माणसांना दिसत होते. विस्तिन खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

“पुढचा डावा खांदा,” नात्सू माईकमध्ये म्हणाला, “दोरियानाचा.”

“मोठ्यानं,” ती म्हणाली. “माझ्या बाबांना ऐकू येत नाही.”

त्याने पुन्हा सांगितले, मोठ्याने. मग आम्ही मातेला खाली ठेवले.